टीम निघून गेली, मोहल्ला तिथेच राहिला

गेल्या महिन्यात शेजारच्या बिल्डिंगमध्ये रिडेव्हलपमेंटची मीटिंग होती. कराराचा मसुदा मराठीत होता आणि मराठी वाचता न येणाऱ्या बुजुर्गांना तो उर्दूत समजावून सांगायला आम्हाला बोलावलं होतं. बिल्डरच्या माणसाने भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली, चहा-समोसे झाले. उठता उठता तिसऱ्या मजल्यावरच्या एका आपांनी विचारलं, "आमचं काय?" आपा चौदा वर्षांपासून तिथे भाड्याने राहतात. अकरा महिन्यांचा करार, तो संपला की नवा. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "आपा, तुम्ही मेंबर नाही ना." विषय तिथेच संपला. आपा गप्प बसल्या. आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकी कोणीच काही बोललं नाही. आम्हीही नाही.

त्याच आठवड्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो अमेरिकेत अ‍ॅटलांटा शहरात नोकरी करतो. जुम्याच्या नमाजला तो कधीकधी अल-मुमिनून मशिदीत जातो. मशीद हँक अ‍ॅरन ड्राइव्ह या रस्त्यावर आहे. तो म्हणाला, "सर, याच रस्त्यावर एक मोठं स्टेडियम आहे. बेसबॉलसाठी होतं, पण आता तिथे बेसबॉल होत नाही. टीम सोडून गेली. आणि मग जमिनीवरून मोठा वाद झाला म्हणे."

या वादाची माहिती काढायला आम्ही बसलो, आणि जसजसं वाचत गेलो तसतशा आपा आठवत गेल्या. देश वेगळा, कायदा वेगळा, खेळही वेगळा. पण "आमचं काय?" हा सवाल तिथेही तोच होता. म्हणून वाचकांसाठी ही हकीकत जरा सविस्तर मांडतो.

टीम "जाते" म्हणजे काय?

आपल्याकडे मुंबईचा रणजी संघ उठून दुसऱ्या राज्यात गेला, असं कधी होत नाही. अमेरिकेत होतं. तिथे मोठ्या बेसबॉल लीगमध्ये फक्त ३० टीम आहेत आणि प्रत्येक टीम ही खाजगी मालकाची मिळकत असते, आयपीएलच्या टीमसारखी. शहरं जास्त, टीम कमी. त्यामुळे मालक शहराला सांगू शकतो की चांगलं स्टेडियम द्या, नाहीतर दुसरं शहर बोलावतंय.

अ‍ॅटलांटाच्या टीमचं नाव ब्रेव्ह्ज. ही टीम आधी बोस्टनची होती. १९५३ मध्ये ती मिलवॉकीला गेली आणि १९६६ मध्ये अ‍ॅटलांटाला आली. म्हणजे अ‍ॅटलांटाला ती मिळाली तेव्हा मिलवॉकीचे लोक हात चोळत बसले होते. पन्नास वर्षांनी तीच पाळी अ‍ॅटलांटाच्या एका मोहल्ल्यावर आली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बेसबॉलच्या एका हंगामात टीम १६२ सामने खेळते, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. म्हणजे वर्षातले ८१ दिवस गर्दी, आणि बाकीचे दिवस स्टेडियम बंद, भोवतीचं पार्किंग रिकामं. शेजारी राहणाऱ्यांच्या नशिबी सामन्याच्या दिवशी गोंगाट आणि ट्रॅफिक, इतर दिवशी डांबराचं रिकामं मैदान.

ही जमीन आधी कोणाची होती?

स्टेडियमच्या भोवती चार जुन्या वस्त्या आहेत: समरहिल, पीपल्सटाउन, मेकॅनिक्सव्हिल आणि पिट्सबर्ग. समरहिल ही अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर वसलेली वस्ती. गुलामीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांनी इथे घरं बांधली. पुढे बाहेरून आलेली ज्यू कुटुंबंही राहिली. दुकानं, प्रार्थनास्थळं, शाळा असा भरलेला मोहल्ला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहराने "विकास" सुरू केला. १९५० आणि ६० च्या दशकांत मोठे हायवे थेट या वस्त्यांमधून नेले. "अर्बन रिन्यूअल" म्हणजे शहराचं नूतनीकरण, या नावाखाली घरं पाडली. हजारो लोक उठले, आणि त्यांतले बहुतेक काळे आणि गरीब होते. रिकाम्या केलेल्या जमिनीवर १९६५ मध्ये पहिलं स्टेडियम उभं राहिलं, तेही एका वर्षाच्या आत. घरांसाठी वर्षानुवर्षं पैसा नव्हता, स्टेडियमसाठी मात्र बारा महिन्यांत सगळं झालं. हे तिथले लोक आजही विसरलेले नाहीत.

ब्रेव्ह्जच्या पहिल्याच हंगामात, ६ सप्टेंबर १९६६ रोजी, समरहिलमध्ये पोलिसांनी गाडीचोरीच्या संशयावरून एका काळ्या माणसावर गोळी झाडली आणि मोहल्ला पेटला. महापौर आयव्हन अ‍ॅलन स्वतः गर्दीत जाऊन पोलिसांच्या गाडीवर उभे राहिले आणि लोकांना शांत करायचा प्रयत्न केला. गोळी हे निमित्त होतं. राग खूप आधीपासून साठत होता.

याच मैदानावर ८ एप्रिल १९७४ रोजी हँक अ‍ॅरन या काळ्या खेळाडूने ७१५ वा होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. त्याआधी त्याला महिनोन्‌महिने द्वेषाची पत्रं आणि धमक्या येत होत्या. मशिदीच्या पत्त्यात ज्याचं नाव आहे तो हाच अ‍ॅरन.

मग १९९६ ची ऑलिंपिक आली. जुन्या स्टेडियमच्या शेजारी नवं बांधायचं ठरलं. तेव्हाही रहिवाशांनी विरोध केला. पीपल्सटाउनच्या एथेल मे मॅथ्यूज या बाईंनी मोर्चे काढले. स्टेडियम झालंच. ऑलिंपिकनंतर त्याचं बेसबॉलसाठी रूपांतर केलं आणि १९९७ पासून ब्रेव्ह्ज तिथे खेळू लागले. नाव पडलं टर्नर फील्ड. जुनं स्टेडियम त्याच वर्षी सुरुंग लावून पाडलं आणि त्या जागी पार्किंग केलं. वस्तीला जमीन परत मिळाली नाही.

दोन आठवड्यांत निर्णय

११ नोव्हेंबर २०१३ रोजी ब्रेव्ह्जने जाहीर केलं की २०१७ पासून आम्ही शहराच्या वायव्येला, कॉब काउंटीत जाणार. टर्नर फील्डला तेव्हा जेमतेम १७ वर्षं झाली होती. आपल्याकडे १७ वर्षांची बिल्डिंग नवी समजतात.

टीमने कारणं सांगितली. स्टेडियमच्या दुरुस्तीला सुमारे १५ कोटी डॉलर लागतील आणि प्रेक्षकांच्या सोयींसाठी आणखी २० कोटी. मेट्रो स्टेशन लांब आहे, पार्किंग कमी पडतं, आणि आजूबाजूच्या जमिनीवर काय बांधायचं यावर आमचा ताबा नाही. शिवाय टीमने नकाशा दाखवला की तिकिटं घेणारे बहुतेक लोक उत्तरेच्या उपनगरांत राहतात.

खरी गोम शेवटच्या दोन मुद्द्यांत आहे. आजकाल टीमच्या मालकाला तिकिटाच्या पैशापेक्षा स्टेडियमभोवतीची हॉटेलं, दुकानं, ऑफिसं आणि फ्लॅट जास्त महत्त्वाचे वाटतात. कॉब काउंटीने तशी जागा दिली आणि सुमारे ३० कोटी डॉलरचा सार्वजनिक पैसा देऊ केला. जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांत, २६ नोव्हेंबरला, काउंटीच्या कमिशनरांनी ४ विरुद्ध १ मतांनी मंजुरी दिली. तिथल्या करदात्यांना नीट वाचायलाही वेळ मिळाला नाही. स्टेडियमवर खर्च केलेला सरकारी पैसा शहराला परत मिळतो, याला बहुतेक अर्थतज्ज्ञ मान्यता देत नाहीत. तरी शहरं आणि काउंट्या पैसे देतात, कारण टीम गमावल्याचा ठपका कोणत्याही नेत्याला नको असतो.

इकडे अ‍ॅटलांटाचे महापौर कासिम रीड यांनी लगेच सांगितलं की टर्नर फील्ड पाडू आणि त्या जागी मध्यमवर्गासाठी मोठा प्रकल्प करू. समरहिलमध्ये हे ऐकून अनेकांच्या पोटात गोळा आला. मध्यमवर्ग म्हणजे कोण? जे इथे आज राहतात ते, की जे उद्या येणार ते?

एकाच मोहल्ल्यात चार मतं

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की वस्ती एका बाजूला आणि बिल्डर दुसऱ्या बाजूला. तसं नसतं. तिथेही नव्हतं, आपल्याकडेही नसतं.

काहींना आनंद झाला. एकदाची कटकट गेली, आता या डांबरावर रस्ते, दुकानं, झाडं येतील. चांगल्या किराणा दुकानासाठी लांब जावं लागत होतं. भाजी, दूध, औषध हाताशी मिळावं ही मागणी जवळजवळ सगळ्यांची होती.

काहींची रोजी बुडत होती. सामन्याच्या दिवशी लोक आपल्या अंगणात गाड्या लावू देऊन पैसे कमवत. कोणी पाणी विकायचं, कोणी स्टेडियममध्ये हंगामी काम करायचं.

ज्यांचं स्वतःचं घर होतं, त्यांच्यातही दोन गट. तरुण घरमालक म्हणत, भाव वाढू दे, आमची मिळकत वाढेल. म्हातारे घरमालक म्हणत, भाव वाढला तर घरपट्टी वाढेल, आणि आम्हाला तर इथेच मरायचं आहे, घर विकायचं नाही.

आणि चौथा गट भाडेकरूंचा. ते संख्येने पुष्कळ होते, आणि कागदोपत्री त्यांचा आवाज सर्वात लहान.

घर पाडलं नाही, तरी माणूस उठतो

हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. विक्रीला निघालेली जमीन म्हणजे स्टेडियम आणि पार्किंग, एकूण सुमारे ६८ एकर. तिथे कोणी राहत नव्हतं. म्हणजे प्रकल्पासाठी कोणाचं छप्पर थेट काढायचं नव्हतं. मग भीती कसली?

भीती भावाची. समोर नवी दुकानं आणि नवे फ्लॅट आले की मागच्या गल्लीतल्या जुन्या घराचा भाव आपोआप चढतो. जॉर्जिया राज्यात घरपट्टी बाजारभावाशी बांधलेली आहे, ती घराच्या बाजारभावाच्या ४० टक्के रकमेवर आकारतात. म्हाताऱ्यांना काही सवलती आहेत, पण पेन्शन तीच राहते आणि भाव तिप्पट झाला तर सवलत किती पुरणार?

भाडेकरूचं त्याहून कठीण. जॉर्जियात भाडं नियंत्रणात ठेवायला राज्याच्या कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे अ‍ॅटलांटा महापालिकेने ठरवलं तरी ती भाड्यावर मर्यादा घालू शकत नाही. करार संपला की घरमालक हवं ते भाडं सांगू शकतो. परवडत नसेल तर सामान बांधा. कोणी बुलडोझर आणत नाही, कोणी दमदाटी करत नाही, पेपरात बातमी येत नाही. एक एक घर गुपचूप रिकामं होतं आणि पाच-सात वर्षांनी मोहल्ल्याचं नाव तेच राहतं, माणसं बदललेली असतात.

पीपल्सटाउनमध्ये तर दुसरीही तलवार होती. २०१२ च्या मुसळधार पावसात तिथल्या सखल भागात घरांत पाणी शिरलं. पावसाचं पाणी मुरायला जमीन उरली नाही, सगळीकडे डांबर आहे, असं रहिवाशांचं म्हणणं. महापालिकेने उपाय म्हणून तळं आणि पार्क करायचं ठरवलं आणि एका ब्लॉकमधली घरं सक्तीच्या भूसंपादनाने मागितली. काही कुटुंबं वर्षानुवर्षं कोर्टात लढली. अशा लोकांना "सरकारवर विश्वास ठेवा" सांगितलं तर ते कसा ठेवतील?

वस्तीने काय मागितलं?

२०१४ मध्ये जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटी या सरकारी विद्यापीठाने कार्टर नावाच्या बिल्डर कंपनीसोबत प्रस्ताव आणला. स्टेडियमचं फुटबॉल मैदानात रूपांतर करायचं आणि भोवती विद्यार्थ्यांची घरं, फ्लॅट, दुकानं बांधायची. स्टेडियम पाडायचा बेत मागे पडला.

त्याच सुमारास वस्त्यांतल्या संघटनांनी मिळून टर्नर फील्ड कम्युनिटी बेनिफिट्स कोअलिशन ही आघाडी उभी केली. त्यांनी घरोघरी जाऊन लोकांना विचारलं की तुम्हाला काय हवं. मागण्या साध्या होत्या: परवडणारी घरं, स्थानिकांना नोकऱ्या, किराणा दुकान, पाण्याचा निचरा, चांगली बस. आणि या सगळ्यांच्या वर एक मागणी: हे सगळं कायद्याने बांधील अशा करारात लिहून द्या.

अशा कराराला तिकडे कम्युनिटी बेनिफिट्स अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. आपण त्याला वस्तीहित करार म्हणू. बिल्डर आणि वस्तीच्या संघटना यांच्यात हा करार होतो. बिल्डर ठरावीक गोष्टी लिहून देतो, बदल्यात संघटना प्रकल्पाला विरोध करत नाहीत. वचन मोडलं तर वस्ती कोर्टात जाऊ शकते.

याचं गाजलेलं उदाहरण लॉस एंजेलिसचं. तिथे स्टेपल्स सेंटर या स्टेडियमच्या शेजारी मोठा प्रकल्प होणार होता. २००१ मध्ये तिथल्या संघटनांनी करार मिळवला. घरांपैकी २० टक्के परवडणारी, कायम नोकऱ्यांपैकी ७० टक्के पोटापुरता पगार देणाऱ्या असाव्यात हे उद्दिष्ट, आणि बागांसाठी किमान १० लाख डॉलर. बिल्डरने हे दयेपोटी दिलं नाही. त्याला महापालिकेची परवानगी आणि मदत लवकर हवी होती, आणि भाडेकरू, कामगार संघटना, चर्च सगळे एकत्र येऊन दारात उभे होते. सर्वात महत्त्वाचं म्हणजे तोवर परवानगीवर सही झालेली नव्हती.

अ‍ॅटलांटातलं दुसरं उदाहरणही बघा. २०१३ मध्येच शहराच्या पश्चिमेला फुटबॉलचं नवं स्टेडियम मंजूर झालं. त्या जागेत दोन जुनी चर्चेस येत होती. दोघांनी बसून बोलणी केली आणि एकाने १ कोटी ९५ लाख, दुसऱ्याने १ कोटी ४५ लाख डॉलर घेऊन जागा दिली. भोवतीच्या वस्त्यांसाठी शहराच्या विकास संस्थेकडून दीड कोटी आणि टीमच्या मालकाच्या फाउंडेशनकडून दीड कोटी डॉलर जाहीर झाले. पण ती "योजना" होती, वस्तीसोबत केलेला करार नव्हता. जमिनीचा कागद ज्याच्या हातात, त्याच्याशी सौदा होतो. बाकीच्यांना योजना मिळते.

सही आधी, तंबू नंतर

टर्नर फील्डचं पुढे असं झालं. डिसेंबर २०१५ मध्ये स्टेडियमचा ताबा असलेल्या सरकारी प्राधिकरणाने युनिव्हर्सिटी आणि कार्टर यांना निवडलं. आधी वस्तीसोबत बसून आराखडा पूर्ण करा, मग विका, असं आघाडीचं म्हणणं होतं. २ ऑक्टोबर २०१६ रोजी ब्रेव्ह्जने तिथला शेवटचा सामना खेळला आणि जिंकला. जानेवारी २०१७ मध्ये ३ कोटी डॉलरला विक्री पूर्ण झाली. वस्तीहित करार विक्रीच्या अटींत बसलाच नाही.

वसंतात रहिवासी आणि काही विद्यार्थ्यांनी स्टेडियमबाहेर तंबू ठोकले आणि कित्येक आठवडे तिथे राहिले. मागणी तीच, लिहून द्या. पण विक्री होऊन गेली होती. आता समोरच्याला घाई नव्हती. शेवटी वस्तीतल्या काही संघटनांनी युनिव्हर्सिटी आणि बिल्डरसोबत वेगळा समझोता केला. आघाडीतल्या लोकांना तो पुरेसा बांधील वाटला नाही. ज्यांनी एकत्र घरोघरी जाऊन सर्व्हे केला होता ते दोन गटांत वाटले गेले.

इथे इन्साफाने बोललं पाहिजे. समझोता करणारे सगळे विकले गेले होते असं म्हणणं बरोबर नाही. काहींना वाटलं की मिळतंय ते पदरात घ्या, नाहीतर तेही जाईल. आणि प्रकल्पाने काही दिलं नाही असंही नाही. जॉर्जिया अ‍ॅव्हेन्यूवरची वर्षानुवर्षं बंद पडलेली जुनी दुकानं पाडण्याऐवजी दुरुस्त केली, तिथे रौनक आली. पुढे मोठं किराणा सुपरमार्केटही आलं, ज्याची मागणी जुन्या लोकांनी केली होती. विद्यापीठाचं फुटबॉल २०१७ मध्येच सुरू झालं, २०२२ मध्ये नवं इनडोअर सभागृह झालं. डांबराच्या जागी घरं आणि रस्ते आले.

पण घरांचे भाव आणि भाडी चढली, हेही तितकंच खरं. ज्या दुकानासाठी लोकांनी वीस वर्षं वाट पाहिली, त्या दुकानापर्यंत चालत जायला त्यांतले किती जण शिल्लक राहिले, हा त्या मोहल्ल्याचा खरा हिशेब आहे.

आपल्या घरी हे कसं लागू होतं?

महाराष्ट्रात कायदा काही बाबतींत अ‍ॅटलांटापेक्षा बरा आहे. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींत पागडीवर राहणाऱ्यांना पुनर्विकासात घराचा हक्क आहे. सहकारी सोसायट्यांसाठी ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे. त्यात एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती मागितली आहे, करार नोंदणीकृत हवा असं सांगितलं आहे. म्हणजे जे अ‍ॅटलांटाच्या लोकांना तंबू ठोकूनही मिळालं नाही, ते लिखित कागदाचं हत्यार आपल्या हातात आधीच आहे. आपण ते न वाचता सही करतो, हा आपला कसूर.

आणि एक जागा तिथल्याइतकीच उघडी आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला त्या ५१ टक्क्यांत गिनती नाही. आपल्या वस्त्यांत अशी कुटुंबं किती आहेत, हे आम्ही शिक्षक लोक चांगलं जाणतो. जूनमध्ये हजेरीपटावर नाव असतं, दिवाळीनंतर दाखला मागायला बाप दारात उभा असतो. "घर बदललं, सर."

अ‍ॅटलांटाच्या हकीकतीतून आम्ही चार गोष्टी घेतल्या.

१. मागायचं ते सहीच्या आधी मागा. सही झाल्यावर समोरचा ऐकून घेतो, पण देत नाही.

२. चित्र, व्हिडिओ, भाषण याला कागद समजू नका. किती चौरस फूट, किती भाडं, किती महिन्यांत, उशीर झाला तर काय, आणि वचन मोडलं तर कोर्टात कोण जाऊ शकतो, हे पाचही लिहिलेलं असलं पाहिजे.

३. कागद ज्या भाषेत घरचा मोठा माणूस वाचतो त्या भाषेत समजावून घ्या. इंग्रजी येत नाही म्हणून लाजू नका. वेळ मागा. पंधरा दिवसांत घाईने झालेल्या निर्णयाची किंमत कॉब काउंटीतले करदाते अजून भरत आहेत.

४. मालक, पागडीवाले, भाडेकरू, दुकानदार यांची गरज वेगळी असते हे आधीच मान्य करा आणि एकत्र बसा. आधी मान्य केलं नाही तर बिल्डर प्रत्येकाला वेगळं बोलावतो आणि फूट पडते.

भाडेकरूसाठी सोसायटी काहीच करू शकत नाही असं नाही. घर रिकामं करायला पुरेशी मुदत, डिपॉझिट लगेच परत, शाळेचं वर्ष संपेपर्यंत थांबायची परवानगी, नवी बिल्डिंग झाल्यावर तोच मालक भाड्याने देणार असेल तर आधी जुन्या भाडेकरूला विचारणं, एवढं तरी सभासद ठरावात घेऊ शकतात. कायदा सांगत नाही, पण मनाईही करत नाही.

पुढची मीटिंग येत्या इतवारी आहे. मसुदा पुन्हा आम्हालाच वाचायचा आहे. या वेळी वाचायला सुरुवात करण्याआधी आम्ही सेक्रेटरी साहेबांना सांगितलं आहे की अजेंड्यावर एक ओळ वाढवा: "भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांबाबत". त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "टाकतो." आपांना निरोप पाठवला आहे. त्या येतील की नाही ठाऊक नाही. मागच्या वेळी आम्ही गप्प बसलो होतो, हे त्यांनी पाहिलं आहे.